सातवा खांदा

गाडीच्या काट्यावर चौऱ्याण्णव हजार तीनशे बारा मैल. त्यातले घरचे जेमतेम चार हजार. बाकीचे कुठले, कुणाचे, किती खड्ड्यांतले, ते गाडीलाच माहीत.

*

कुंभार्ली घाटातून चिपळूणला गुळाच्या गाड्या नेणारा माणूस उतरणीवर बैलाशी बोलत नाही. बैल ऐकायला थांबतो.

*

रॉकेल कार्डावर मिळतं. महिन्याला दोन बाटल्या. लढाई संपून सव्वा वर्ष झालं, कार्ड संपलं नाही.

*

इटलीतल्या चिखलात एका हवालदाराने मानसिंगला शिकवलेला नियम : आधी वरचं बूच सोडायचं, मग खालचं. वरचं सुटत नसेल तर खालच्याला हात लावायचा नाही. नाहीतर जुनं तेल जमिनीवर आणि नव्याला आत जायला वाट नाही.

*

थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. हे विजयमालेला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

*

रविवार. मार्गशीर्ष. १९४६.

मानसिंग सकाळी गाडी घेऊन पलूसच्या ओढ्यापर्यंत जाऊन आला. काम काहीच नव्हतं. तेल तापवायचं होतं. गरम तेल घाण घेऊन बाहेर येतं, गार तेल घाण तळाला ठेवून एकटंच येतं. परत येताना गाडी ओरडत होती. दिवाळीपासून ओरडत होती. आधी बारीक, आता अशी की मळ्यातली माणसं मान वर करत.

त्याने ती गोठ्यासमोरच्या सपाटीला लावली आणि पुढच्या चाकांना दगड दिले.

आबा, म्हणजे त्याचा म्हातारा बाप गुंडा, बाजेवर बसूनच होता. थोरला मुलगा नाथाजी, घाटातून गुळाच्या गाड्या नेणारा, गोठ्याच्या दारात दावं वळत होता. त्याची पाठ गाडीकडे. गाडी घरात आल्यापासून त्याची पाठ तिच्याकडेच असे. पलटणीतून सुटून आलेल्या धाकट्या मानसिंगसाठी आबाने पुण्याच्या लिलावातून ही पलटणीची जुनी लॉरी आणली, त्यासाठी आठ बैलांतले दोन गेले, हौशा आणि पाखऱ्या. बाजाराला ते नाथाजीनेच हाकत नेले होते.

"उद्या किती वाजता हाय ती तपासणी?" आबाने विचारलं.

"धाला, साताऱ्यात," मानसिंग म्हणाला. "पाच वाजता निघायला पायजे."

"मी काय बोललोय ते ध्यानात हाय न्हवं?"

"हाय, आबा."

"सांग बगू."

मानसिंगने पाना खाली ठेवला. "पास झाली, भाड्याचा परवाना मिळाला, तर ऱ्हायची. न्हाई झाली तर इकायची. आन् दोन बैल आनायचे."

"आन् तू?"

"मी पुन्याला. डेपोत डायवरची जागा हाय."

हे त्याने गाडीखाली सरकता सरकता सांगितलं. दारात छिन्नीने जात्याचा दगड टाकीत बसलेल्या त्याच्या बायकोचा, विजयमालेचा, हात थांबला. सहा वर्षं नवरा पलटणीत होता. आल्याला आठ महिने. तिने छिन्नी परत उचलली आणि पहिल्यापेक्षा जोरात मारली.

पेटी

इंजिनामागची गिअरची पेटी बिनबोभाट रिकामी झाली. वरचं बूच पान्याच्या दोन हिसक्यांत निघालं. खालच्यातून काळं, जळकं तेल आलं, घमेल्यात पडलं. मानसिंगने चिमटीत घेऊन चोळलं. चकचकीत धूळ होती, कणी नव्हती. धुळीचं भय नसतं; लोखंड घासलं की धूळ निघते. कणी निघाली म्हणजे काहीतरी तुटलेलं.

मिरजेहून आणलेला डबा अजून झाकलेला होता. नव्वद नंबरचं दाट तेल, एकच गॅलन. अर्धं पेटीला, अर्धं गोळ्याला. दुसरा डबा मिळायचा नव्हता.

गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो, लोखंडी, भोपळ्याएवढा. इंजिनाचा जोर तिथे येऊन वळतो आणि दोन्ही चाकांना वाटला जातो. पलटणीत त्याला डिफरन्शल म्हणत. बनुबाईला, म्हणजे नाथाजीच्या बायकोला, तो शब्द पाठ होता, पण ती मुद्दाम गोळाच म्हणे.

"भावजी," ती च्या घेऊन आली, "तुमच्या गोळ्याला च्या चालतो का?"

"वैनी, आज त्याला कायबी द्या. घेईल."

नाथाजी दावं वळता वळता गोठ्याकडे बघूनच म्हणाला, "बैल आवाज द्याय लागला तर खांदा बगावा. हिला खांदाच न्हाई. बगनार काय?"

"ह्योच हिचा खांदा, दादा." मानसिंगने गोळ्यावर थाप मारली. "समदं ओझं हितंच येतं."

नाथाजीच्या हातातलं दावं सुटलं. उकललं. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतलं.

गोळा : वरचं बूच

(मानसिंग.) बुचाच्या चारी कडा खाल्लेल्या. पान्याच्या खुणा नव्हेत. पाना असं खात नाही. ही लोहाराची सांडशी. आपण उघडलं नाही. लिलावात घेतली तेव्हा कडा धड होत्या, आपण हात फिरवून बघितल्या होत्या. म्हणजे घरात. म्हणजे कुणीतरी...

गोळा : खालचं बूच

वरचं कसंबसं सुटलं. खालचं बूच निघालं आणि तेल येईना.

मग आलं. धार नाही, लोंबत, थांबत, गोळे गोळे. काळ्यात पिवळे पट्टे. बुचाच्या आतल्या अंगाला पिवळा चिकट थर बसलेला, काकवी करपून भांड्याला धरावी तसा. मानसिंगने ते फडक्यावर घेऊन नाकाशी नेलं.

तो गाडीखालून बाहेर आला आणि कुणाकडेही न बघता फडकं आबाच्या हातात दिलं.

म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसायचं. नाक शाबूत होतं. त्याने एकदाच हुंगलं.

"एरंडेल," तो म्हणाला. "आन् हळद." पुन्हा हुंगलं. "ही खांदमळनी हाय."

हा वास घरातल्या प्रत्येकाला माहीत होता. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे तेल-हळदीने मळतात, तेव्हा सगळ्या वाडीला हा वास असतो. दुसऱ्या दिवशी पुरणाच्या वासाखाली तो जातो.

"कुनी घातलं?" मानसिंगने विचारलं.

नाथाजी वळला. गाडी आल्यापासून पहिल्यांदा तो तिच्यासमोर तोंड करून उभा होता.

"मी."

"तुमी?"

"मीच. किती येळा सांगू?"

"कशापायी, दादा?"

नाथाजीने दाव्याचा पीळ आवळला.

"कशापायी म्हन्तो मी! गाडी नको हुती तर आबांना सांगायचं. माझ्या तोंडावर सांगायचं. हे असं चोरून? सांडशीनं? ह्या दोन तेलांचं जमत न्हाई. एरंडेल आत चिकाटून बसलं, दातापातूर तेल पोचंना, म्हनून वरडती ती दिवाळीपासनं! मला घरातनं घालवायचं हुतं व्हय तुमाला?"

नाथाजी दावं घेऊन गोठ्यात गेला.

मानसिंगने नव्या तेलाचा डबा उचलला, बाजेपाशी नेऊन ठेवला. "आबा, हा डबा मिरजंला परत जाईल. उद्या सातारा न्हाई. मी पुन्याला पत्र टाकतो."

आबा फडक्याच्या घड्या घालत राहिला. "बूच उगडं ठेवून पत्र लिवायला जातोस व्हय? आत माती जाईल. आदी झाक."

बनुबाई

बनुबाईने हे सगळं चुलीपाशी ऐकलं. तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगायची नव्हती. नवऱ्याने सांगितली नाही ती बायकोने अंगणात उभं राहून सांगितली, तर नवरा उरत नाही. तिने भाकरी थापली. फाटली. पुन्हा गोळा केला.

विजयमाला आत आली. तिचे डोळे कोरडे होते आणि तेच बनुबाईला सोसेना.

"आक्का, ह्यांचं कापड बांदून ठिवू का?"

"गप बस."

"कवातरी बांदावं लागनारच."

"गप म्हनलं न्हवं?" बनुबाईने परातीत हात आपटले. "बेंदराला हळद कुनी कालवली हुती?"

"तुमी."

"किती खांद्यांची?"

"सा बैल. सांची."

"सातांची." बनुबाई आवाज खाली आणून म्हणाली. "सांची कालवून दिली. घेऊन गेलं. परत आलं आन् म्हनलं, अजून एका खांद्याची दे. मी म्हनलं, हौशाची याद आली व्हय? तर काय बोललं न्हाईत. वाटी घिऊन गेलं. मला वाटलं, रिकाम्या दावनीत ठिवली आसंल. बापई मानूस हाय, रडायचं तर कुठंतरी जाऊन रडू दे म्हनलं." तिने पीठ झटकलं. "आज कळलं मला, वाटी कुठं गेली ती."

विजयमाला दाराकडे वळली.

"मी सांगनार न्हाई," बनुबाई म्हणाली. "मला सांगता यायचं न्हाई. तुला मी कायबी बोलले न्हाई."

"न्हाई बोलला," विजयमाला म्हणाली. तिने डोईवरचा पदर ओढला, बाहेर आली, आणि अंगण ओलांडून चालायला लागली. बाजेवरून नाही, गाडीवरून नाही. थेट

नाथाजी

गोठ्याच्या दारात ती उभी राहिली तेव्हा त्याने आधी बैलामागे सरकायचं बघितलं. लग्न होऊन सात वर्षं झाली. या मुलीचा आवाज त्याने भिंतीपलीकडून ऐकला होता, समोरून कधी नाही.

"थोरलं."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. घरात थोरला तोच होता.

"सातवा खांदा कुनाचा हुता?"

नाथाजीने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. बैल वळून बघायला लागला.

त्या संध्याकाळी सहा खांदे मळून झाले होते. प्रत्येकाच्या कानात सांगून झालं होतं : आज आवतान घे, उद्या जेवाय ये. दोन दावणी रिकाम्या. आणि त्याच ओळीत, छपराबाहेर, ती गाडी उभी. त्या हंगामात उसाचं बेणं तिनेच आणलं होतं, आबाला तापात कराडच्या डॉक्टराकडे तिनेच नेलं होतं. ज्याने वर्षभर ओढलं त्याचा खांदा कोरडा ठेवू नये. बेंदराला शेजाऱ्याचा उसना बैल गोठ्यात असला तरी त्याचासुद्धा मळतात. मानसिंग तेव्हा मिरजेला होता. तो म्हणे, ओझं गोळ्यावर येतं. वरून चोळलं असतं तर पावसाने गेलं असतं, आणि लोक हसले असते. आत घातलं तर कुणाला दिसणार? बूच हाताने निघेना म्हणून सांडशी आणली. औषध पाजायच्या बांबूच्या नळ्याने वाटी आत ओतली. मग वाकून, कुणी नाही बघून, तिलाही आवतण दिलं. कुठे तोंड करून द्यायचं ते कळलं नाही. दिव्याकडे तोंड करून दिलं.

हे माणूस तोंडाने कसं सांगतो?

"तिचाच," तो म्हणाला.

"मग तसं सांगा की त्यास्नी."

"आता काय सांगू? बिगडवली ती बिगडवलीच."

"बिगडवली आसंल." विजयमाला दारातून हलली नाही. "पर ते जानार हायती पुन्याला, आन् मी हितं जातं टाकीत बसनार. सा वर्सं बसले. आता न्हाई बसनार. तुमी सांगत न्हाई तर मी सांगते, आन् म्या सांगितलं तर तुमाला लय लागंल."

तो तिच्याकडे प्रथमच नीट बघत होता. चौऱ्याण्णव हजार मैलांचं त्याला काही वाटत नव्हतं. या पोरीने सोळा पावलांचं अंगण ओलांडलं होतं, त्याचं वाटलं.

त्याने आढ्यात खोचलेला बांबूचा नळा काढला.

अंगण

मानसिंग बूच फडक्यात गुंडाळत होता. समोर दादाचे पाय आले, शेणाने माखलेले.

"मानसिंग."

"बोला."

"बेंदूर हुता." नाथाजीने नळा जमिनीवर टेकला. "दुसरं काय न्हवतं. बेंदूर हुता, आन् ती उबी हुती."

मानसिंगने वर पाहिलं. नळ्याच्या तोंडाशी पिवळा डाग होता. त्याने डागाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, गोठ्याच्या दारातल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

"मला इचारायचं तरी, दादा."

"हसला आसतास."

"हसलो आसतो," मानसिंग म्हणाला.

बाजेवरून खोकल्यासारखा आवाज आला. आबा हसत होता. "माज्या बापानं," तो म्हणाला, "पैल्यांदा आगगाडी बगितली तवा इंजनाफुडं वैरनीची पेंडी टाकली हुती. तुमी दोगं लय हुशार निपजला. आता रं? धुवायचं का न्हाई ते?"

"धुवायला रॉकेल पायजे," मानसिंग म्हणाला. "दुसऱ्या कशानं एरंडेल सुटायचं न्हाई. आन् घरात..."

बनुबाई दोन्ही बाटल्या घेऊन आली होती. महिन्याचं कार्डावरचं रॉकेल परवाच आणलेलं.

"वैनी, मग दिवं?"

"दिसाउजेडी जेवू. अंदारात तोंड चुकतंय व्हय कुनाचं?"

एक बाटली ओतली. मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. आतलं रॉकेल चुळकन् चुळकन् वाजत फिरलं. खालचं बूच सोडलं तशी पिवळी घाण भसकन् आली. दुसरी बाटली. या वेळी कमी पिवळं. आणि त्याच्यामागून घमेल्यात टिंग करून काहीतरी पडलं.

मानसिंगने उचललं. तांदळाएवढी पोलादाची कणी.

"दात गेला," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "आतल्या चक्राचा. आख्खा गेला आसंल तर साताऱ्यापातूर जायची न्हाई. वाटंतच बसंल."

"आख्खाच गेला कशावरनं?"

"खोलल्याबिगर कळायचं न्हाई. खोलायला चार दीस लागत्यात."

नाथाजी खाली बसला, वरच्या बुचाच्या भोकासमोर. त्याने डावी बाही कोपरापर्यंत सारली. जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारात बैलाचं तोंड उघडून, आत बोट घालून वय सांगणारा माणूस होता तो. व्यापारी त्याच्यासमोर खोटं बोलत नसत.

"चक्राला दात हायती न्हवं?"

"हायती."

"चाक फिरीवलं की त्ये फिरतं?"

"व्हय. पर दादा, बोट..."

"मग फिरीव."

"बोट जाईल, दादा!"

"तू नीट फिरीवशील तर न्हाई जायाचं."

बनुबाई तोंडाशी पदर नेऊन उभी राहिली. आबा बाजेवरून उठला.

मानसिंगने चाक दोन्ही हातांनी धरलं. "मी 'घाला' म्हनल्याबिगर घालायचं न्हाई. 'काडा' म्हनलं की काडायचं. आन् बोट भाईर आल्यावर तुमी तोंडानं सांगायचं, मगच फिरवीन."

"सांगतो."

"घाला."

नाथाजीने डोळे मिटले. बोट आत गेलं. "हा शाबूत."

"काडा."

"भाईर."

चाक बोटभर फिरलं. "घाला." "हाही." "काडा." "भाईर." बोटभर. "घाला." उन्हं गोठ्याच्या छपरावरून अंगणात उतरली. विजयमाला मोजत होती, ओठांत. एकविसाव्याला नाथाजीने बोट काढलं नाही.

"काडा म्हनलं, दादा."

"थांब." बोट आत हललं, पुढे, मागे, कडेवरून. "ह्यो. ह्येचं टोक गेलंय. बूड घट्ट हाय. मदलं अंगबी जाडजूड हाय. निसता कोपरा मोडलाय." त्याने बोट काढलं. तेल आणि रक्त. कोपऱ्याने कापलं होतं. ते त्याने धोतराला पुसलं. "भाईर. फिरीव."

उरलेले सगळे झाले. पुन्हा पहिल्यापाशी आल्यावर नाथाजी टाचांवर मागे बसला.

"जुळलेलं हाय," तो म्हणाला. बैलाचे आठही दात आले की असं म्हणतात. "तरनं न्हाई. पर म्हातारंबी न्हाई. एक कोपरा मोडलेला बैल मी आक्कलकोटापातूर चालवलाय. साताऱ्याला जाईल."

मानसिंग चाकाला धरूनच होता. सोडायला बोटं उलगडेनात.

रॉकेल ठिबकून संपेपर्यंत अर्धा तास गेला. त्या कणीखेरीज दुसरं काही आलं नाही. खालचं बूच बसवलं, जॅक उतरवला. मग प्रश्न निघाला की आडव्या भोकात दाट तेल जाणार कसं. पलटणीत पिचकारी होती. इथे नळा होता, आता राखेने घासून, गरम पाण्याने धुऊन घेतलेला. नाथाजीने तिरका धरला, मानसिंगने डबा कलता केला.

"सावकाश," नाथाजी म्हणाला. "ठसका लागू द्यायचा न्हाई."

"हिला ठसका लागत न्हाई, दादा."

"तुला काय ठावं?"

तेल मधासारखं गेलं. वरच्या भोकातून परत ओघळ आला तेव्हा मानसिंग म्हणाला, "बास." बूच बसवलं. खाल्लेल्या कडांवर पाना घसरला. नाथाजीने सांडशी पुढे केली आणि मानसिंगने ती घेतली. उरलेलं अर्धं तेल त्याच नळ्याने पेटीत गेलं.

संध्याकाळच्या आत गाडी बांधावरून कराडच्या सडकेला नेऊन आणली. ओरडणं गेलं होतं. त्या जागी एक हुंकार उरला होता, हळू, दात फिरून त्या कोपऱ्यावर आला की येणारा. कान दिला तर ऐकू येत होता. तपासणारा साहेब कान देणारा निघाला तर? ते कुणालाच माहीत नव्हतं. "त्यो इचारंल त्याचं खरं सांगायचं," आबा म्हणाला. "एक कोपरा मोडलाय, बाकी शाबूत. मोजलंय म्हनावं. बोट दाखवा."

"कुनी दाखवायचं?" नाथाजीने विचारलं.

"ज्येचं हाय त्येनं."

विजयमालेने बाजेच्या मागून, पण आता पदराआडून नाही, सांगितलं, "थोरलं, भाकरी दोगांची बांदते."

सोमवारी पाच वाजता दोघे भाऊ पुढे बसले. नाथाजीला दार लावता येईना. मानसिंगने त्याच्या अंगावरून हात नेऊन ते ओढून घेतलं. कृष्णेच्या पुलावर कराड उजाडत होतं. चढ लागला तसा नाथाजी मागे वाकून ऐकायला लागला आणि साताऱ्याची कचेरी दिसेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्याच गाडीवर शिकलेल्या नाथाजीच्या नावाचा मोटार चालवण्याचा परवाना १९४८ च्या मार्चात निघाला.